भाव झाकावा, नाव झाकू नये
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर एरवी आपण लागण, बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची निगा अशा गोष्टी बोलतो. आजचा विषय जरा बांधाबाहेरचा आहे. पण तो आता आपल्या गटागटांत, सभासदांच्या घरात शिरला आहे, आणि त्यात माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती चूक सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

वाळवा तालुक्यातील आपले एक जुने सभासद आहेत. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणतो. उसाला फेरपालट म्हणून ते दरसाल एकरभर हळद करतात. पूर्वी हळकुंडे पोत्यात भरून सांगलीच्या पेठेत जात, अडत वजा होऊन पट्टी हातात येई, संपले. तीन वर्षांपूर्वी सूनबाईंनी मनावर घेतले. बचत गटातल्या चार बायका जमवल्या, चक्की घेतली, अन्न खात्याची नोंदणी काढली आणि अर्धा किलोच्या पाकिटात हळद पावडर भरायला सुरुवात केली. तात्यांची भाची पुण्यात असते. ती फोनवर आपल्या ओळखीच्या बायकांच्या ग्रुपवर पाकिटाचा फोटो टाकते, गिऱ्हाइकांचे पैसे घेते आणि मामीच्या फोनवर पत्ता पाठवते. मामीच्या घरून पार्सल थेट गिऱ्हाइकाच्या दारात. भाचीच्या घरात हळदीचा कण येत नाही, पण विक्री तिची.

गेल्या साली दसऱ्याच्या सुमारास मी आडसालीची पाहणी करायला त्या गटात गेलो होतो. ओसरीवर खोकी भरणे चालू होते. मी सहज विचारले, "पावती कुठं आहे?" सूनबाई म्हणाल्या, "पावती कशाला साहेब, घरचाच व्यवहार." त्यावर मी चांगले पाव तास व्याख्यान दिले. चिठ्ठीशिवाय उसाची गाडी काट्यावर येते का? मालाबरोबर कागद नसला तर तो माल चोरीचा की साधूचा, कोणाला कळणार? तात्यांनी माझा शब्द मानला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खोक्यात पावती जाऊ लागली. पावतीवर स्पष्ट लिहिलेले : हळद पावडर, अर्धा किलो, १५० रुपये.

भाची तीच पाकिटे २२० रुपयांना विकत होती.

आठ दिवसांत फोन आला. "मामी, गिऱ्हाईक विचारतंय, दीडशेची हळद मला दोनशे वीसला कशी लावली? ग्रुपवर पावतीचा फोटो फिरतोय. मी आता तोंड कुठं दाखवू?" दिवाळीच्या सगळ्या मागण्या बंद झाल्या. चाळीस किलो दळलेली हळद घरात पडून राहिली, आणि त्याहून वाईट म्हणजे भाऊबीजेला भाची आलीच नाही. तात्या मला एवढेच म्हणाले, "साहेब, तुमी सांगितलं ते आमी केलं." त्या एका वाक्याने मी हा विषय नीट समजून घ्यायला लागलो.

हा धंदा नवा नाही

इंग्रजी जाणणारे याला ‘ड्रॉपशिपिंग’ म्हणतात. माल एकाच्या घरी, विक्री दुसऱ्याची, आणि पार्सल बनवणाऱ्याकडून सरळ गिऱ्हाइकाकडे. मधल्या माणसाचा खरेदीभाव गिऱ्हाइकाला कळू नये अशा बेताने पार्सल भरायचे, ही त्यातली मुख्य खुबी. २०१५ मध्ये निघालेली बंगळूरची मीशो ही कंपनी वाढली ती याच पायावर. घरबसल्या बायकांनी फोनवर मालाचे फोटो पाठवायचे, किमतीत आपली कमाई मिळवायची आणि माल परस्पर पोचवला जायचा.

पण सभासद बंधूंनो, आपण आपल्या कारखान्याच्या साखर गोडाऊनसमोर तासभर उभे राहिलो तर हाच व्यवहार दिसेल. कारखाना निविदा काढून साखर विकतो. व्यापारी पैसे भरतो आणि डिलिव्हरी ऑर्डर देतो. ट्रक भरतो तो व्यापाऱ्याच्या दुकानी जात नाही. त्याने गुजरातेत किंवा राजस्थानात ज्या पार्टीला साखर विकली असेल तिच्या दारी परस्पर जातो. कारखान्याचे बिल व्यापाऱ्याच्या नावे, व्यापाऱ्याचे बिल पार्टीच्या नावे. एक माल, एक फेरी, दोन बिले. जीएसटीच्या कायद्यातही हा व्यवहार धरलेला आहे, आणि ई-वे बिलात ‘बिल कोणाच्या नावे’ व ‘माल कुठे उतरायचा’ अशा दोन जागा त्यासाठीच आहेत.

म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून तिसऱ्याच्या दारी माल पोचवणे यात लपवाछपवी काही नाही. मधल्या माणसाने गिऱ्हाईक शोधलेले असते, उधारी-वसुली, तक्रार-बोलणी त्याच्या गळ्यात असतात. त्याला त्याची कमाई मिळालीच पाहिजे, आणि ती किती हे गिऱ्हाइकाला सांगायचे काम आपले नव्हे. मी तात्यांना पावती करा म्हणालो ते बरोबर होते. पावती कोणाला पाठवायची हे मला कळले नव्हते, तिथे घोटाळा झाला. तात्यांनी माल भाचीला विकला होता, म्हणून त्यांची पावती भाचीच्या नावे व्हायला हवी आणि तिच्याकडेच जायला हवी. गिऱ्हाइकाला माल भाचीने विकला, म्हणून गिऱ्हाइकाची पावती भाचीने द्यायची. खोक्यात घालायची असेल तर भाचीची पावती घालावी, नाहीतर फक्त नग आणि वजन लिहिलेली साधी चिठ्ठी.

दुसरे टोक

चूक कळल्यावर मी संक्रांतीनंतर तात्यांच्या घरी गेलो. भाचीला फोन लावला, माझी चूक कबूल केली. ती समजूतदार आहे, पुन्हा धंदा सुरू करायला तयार झाली. पण दुधाने पोळलेली होती. तिने अट घातली : "मामी, आता पाकिटावर तुमचं नाव, गावाचं नाव, काहीच नको. कोरं पाकीट द्या, वर माझं लेबल राहील. नाहीतर गिऱ्हाईक पत्ता वाचून तुम्हालाच फोन करतंय."

सूनबाई लगेच हो म्हणाल्या. चाळीस किलो माल पडून होता ना! तात्या माझ्याकडे बघत राहिले. एकदा तोंड पोळल्यामुळे मीही चटकन बोललो नाही. पण बोलावे लागले, कारण हे कायद्यात बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही.

कायदा आधी बघू. खाण्याच्या पाकीटबंद वस्तूवर पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, कधी भरले तो महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावे, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी नाव-पत्ता-फोन आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असावा लागतो. वजनमाप खात्याचे पाकीटबंद वस्तूंचे २०११ चे नियम सांगतात की माल बनवणाऱ्याचे नाव-पत्ता पाकिटावर हवा, आणि भरणारा वेगळा असेल तर त्याचाही. विकणाऱ्याला आपला छाप लावायचा असेल तर खुशाल लावावा. ‘विक्री : अमुक’, ‘उत्पादन व पॅकिंग : तमुक’ अशा दोन ओळी शेजारी-शेजारी येऊ शकतात. पण बनवणाऱ्याची ओळ पुसून टाकता येत नाही.

शिवाय माल खराब निघाला तर नाव नाही म्हणून आपण सुटतो असेही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाची जबाबदारी विकणाऱ्याइतकीच बनवणाऱ्यावरही टाकली आहे. म्हणजे कोऱ्या पाकिटात श्रेय भाचीचे आणि जोखीम मामीची, असा उलटा हिशेब होतो.

आणि लपवून लपते तरी कुठे? स्पीड पोस्टाच्या पार्सलाचा नंबर फोनवर टाकला की ते कुठल्या टपाल कार्यालयात भरले हे कोणालाही दिसते. तात्यांच्या घरी तर आणखी गंमत झाली होती. खोके गच्च बसावे म्हणून सूनबाई जुने कागद चुरगाळून भरत होत्या. पुण्यातल्या एका बाईंनी तो कागद उलगडून वाचला, तर आपलेच हे सभासद पत्रक, त्यात उसाच्या हप्त्याची बातमी! गाव, तालुका, कारखाना, सगळे कळले. आपले पत्रक इतक्या लांब वाचले गेले याचा आनंद आहे, पण भरणाला कोरा कागद वापरावा. छापील कागद तर खाण्याच्या वस्तूला लागूच देऊ नये, शाई बरी नव्हे.

पाकिटावरची किंमत हाच खरा तोडगा

मग भाचीची भीती खोटी होती का? नाही. गिऱ्हाईक फुटते ते नाव कळल्यामुळे फुटत नाही, दोन भाव कळल्यामुळे फुटते. तात्यांच्या घरी फोन करणाऱ्याला हळद १५० रुपयांत मिळू लागली, तर २२० देऊन भाचीकडून कोण घेईल?

म्हणून पाकिटावर छापायची किंमत भाचीला विचारून ठरवावी. इथे पुष्कळ जण चुकतात. आपल्या दरात दहावीस रुपये मिळवून पाकिटावर १७० छापतात, आणि विकणारा ते २२० ला विकतो. छापील कमाल किमतीच्या वर एक रुपया जरी घेतला तरी तो गुन्हा आहे. वर चिकटपट्टी लावून किंमत वाढवणेही चालत नाही, कमी करायला मात्र हरकत नाही. तेव्हा छापील किंमत २२०, भाचीला दर १५०, आणि मधल्या ७० रुपयांत तिची मेहनत, तिच्याकडे आलेल्या तक्रारी, कधी बुडालेले पैसे. टपालखर्च कोणी सोसायचा तेही तेव्हाच बोलून घ्यावे.

आणि महत्त्वाची गोष्ट ही : पाकिटावरचा पत्ता वाचून जो थेट फोन करील त्यालाही २२० च सांगायचे. पुण्यातले गिऱ्हाईक असेल तर भाचीचा नंबर द्यायचा. हे एकदा ठरले की नाव छापायला भाचीची हरकत उरत नाही, कारण आपल्याकडे येऊन गिऱ्हाइकाचा काही फायदाच नाही.

आमच्या आजोबांच्या वेळी बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत. माल ज्याचा, त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. नियंत्रित बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आला, तेव्हा ते मोडले. काही सभासद म्हणतील, मग तुम्ही पुन्हा भाव झाकायला का सांगता? फरक ध्यानात घ्यावा. रुमालाखालचा भाव मालाच्या धन्यापासून झाकलेला होता. इथे धन्याला दर माहीत आहे, विकणाऱ्याला माहीत आहे, आणि गिऱ्हाइकाला त्याने मोजायची किंमत पाकिटावर छापलेली दिसते आहे. दोघांमधला घाऊक दर तिसऱ्याला न सांगणे ही व्यापाराची रीत झाली. कोणाला फसवणे त्यात नाही.

नाव कशासाठी राखायचे

कायदा बाजूला ठेवू. नाव गेले की काय जाते हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको. दर हंगामात मी बघतो. कोणाची नोंद राहिलेली असते, कोणाला तोडणी लवकर हवी असते, आणि मग भावकीतल्या दुसऱ्याच्या नावावर ऊस घातला जातो. बिल त्याच्या खात्यावर, टनेज त्याच्या नावे. पाच वर्षांनी सभासदाच्या हक्काचा प्रश्न निघतो तेव्हा कागदावर या गड्याने ऊस घातलेलाच नसतो. पाणी याने पाजले, पाचट याने कुजवले, आणि दप्तरात नाव दुसऱ्याचे. कोऱ्या पाकिटाचे असेच आहे. दहा वर्षे हळद मामीने दळावी आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी नाव भलत्याचेच बसावे. उद्या भाचीला दुसरीकडे पाच रुपये स्वस्त हळद मिळाली, तर ती तेच लेबल त्या पाकिटावर लावील. गिऱ्हाइकाला पत्ताही लागणार नाही.

सांगलीच्या हळदीचेच बघा. सांगलीची पेठ इतकी नावाजलेली की शेजारच्या राज्यांतली हळदही इथे विक्रीला येते. ही हळद पिढ्यान्‌पिढ्या परगावी गेली, पण शेतकऱ्याचे नाव पेठेच्या वेशीपर्यंतच राहिले. निदान मुलखाचे नाव टिकावे म्हणून खटपट झाली आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला, आणि २०१० मध्ये सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते मिळाले होते. इतक्या खटपटीने मिळालेले नाव आपणच कोऱ्या पाकिटात घालून पुसायचे का? मात्र मानांकनाचे चिन्ह पाकिटावर वापरायचे तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. शेजाऱ्याने केली म्हणून आपली होत नाही.

परस्पर पार्सलाचा एक मोठा गुण तर पेठेलाही नव्हता. आपल्या ओसरीवर चिकटवलेले पाकीट गिऱ्हाईकच फोडते. मध्ये कोणाचा हात लागत नाही, म्हणून भेसळ होण्यास वाव नाही. हळदीत रंग मिसळण्याच्या बातम्या वाचून शहरातली माणसे धास्तावलेली असतात. त्यांना धीर देणारी एकच गोष्ट आहे : पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव आणि गाव.

पार्सल भरताना

ज्यांच्या घरी असा धंदा चालू आहे किंवा करायचा आहे, त्यांनी एवढे सांभाळावे :

१. आपली पावती विकणाऱ्याच्या नावे करून फोनवर किंवा टपालाने त्यालाच पाठवावी. खोक्यात आपल्या दराचा कागद, दरपत्रक, हिशेबाची चिठ्ठी चुकूनही जाऊ देऊ नये. खोके बंद करण्याआधी एकाने भरावे, दुसऱ्याने बघावे.

२. बाहेरच्या खोक्यावर पाठवणारा म्हणून विकणाऱ्याचे नाव घालावे, पण पत्ता व पिनकोड असा घालावा की न पोचलेले पार्सल जिथे परत यायला हवे तिथेच येईल. पुण्याचा पत्ता घातला तर परतीचे पार्सल पुण्यालाच जाईल, आणि हळद तिथे कपाटात पडून राहील.

३. गिऱ्हाइकाचा पत्ता व फोन आपल्याकडे विश्वासाने आलेला असतो. तो पार्सलावर लिहायचा, तेवढ्यापुरताच. त्यावर परस्पर फोन करून "आमच्याकडून घ्या" म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या पाटाचे पाणी रात्री फोडणे होय. खोक्यात स्वतःची जाहिरात घालणेही त्यातच आले.

४. पैसे आधी की पार्सल आधी, हे बोलून नव्हे, लिहून ठरवावे. गिऱ्हाइकाने दारात पैसे देण्याच्या बोलीवर माल पाठवायचा असेल तर नाकारलेल्या पार्सलाचा जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा, तेही लिहावे. जुन्या व्ही. पी. पार्सलाच्या काळापासून भांडण याच एका मुद्द्यावर होत आलेले आहे.

५. हळद आधी जाड पाकिटात, मग दुसऱ्या पिशवीत, मग खोक्यात. एक पाकीट फुटले तर सगळे पार्सल पिवळे होते आणि तक्रार विकणाऱ्याच्या दारात जाते.

६. वही ठेवावी : तारीख, पार्सल नंबर, कोणाच्या सांगण्यावरून, किती नग, कुठल्या दिवशी दळलेला माल. तक्रार आली तर त्या दिवशीची बाकीची पाकिटे लगेच शोधता येतात.

७. परराज्यात माल पाठवण्याआधी कर सल्लागाराला विचारावे. जीएसटीत राज्यातल्या विक्रीचे आणि राज्याबाहेरच्या विक्रीचे नियम सारखे नाहीत. गूळ करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के कर लागू झाला आहे.

तात्यांच्या घरी काय ठरले

त्या दिवशी फोनवर तासभर बोलणे झाले. शेवटी मामी म्हणाल्या, "हे बघ बाई, तुझी कमाई मी कुणाला सांगायची न्हाई, आणि माझं नाव तू पुसायचं न्हाई. एवढं दोघींनी पाळलं की झालं." मी चार पाने टिपण करून नेले होते, ते खिशातच राहिले.

नवे लेबल छापून आले. वरच्या बाजूला भाचीचा छाप, खाली ‘उत्पादन व पॅकिंग’ म्हणून बचत गटाचे नाव आणि गावाचा पत्ता, आणि किंमत २२० रुपये. पावती महिन्याच्या महिन्याला भाचीच्या नावे जाते. पडून राहिलेली हळद संपायला होळी उजाडली. भाचीने अजून दोन मैत्रिणी जोडून दिल्या आहेत, त्यांच्याशीही हाच करार आहे. परवा पुण्याहून एका बाईंचा थेट फोन आला. सूनबाईंनी भाव २२० सांगितला आणि भाचीचा नंबर दिला. यंदा भाऊबीजेला भाची येणार आहे, असे तात्यांनी मला दोनदा सांगितले.

काट्यावर चिठ्ठी पाहिजे हा माझा आग्रह आजही आहे. फक्त आता सांगताना मी पुढे विचारतो, चिठ्ठी कोणाच्या नावची आणि ती कोणाच्या हातात द्यायची? ज्या सभासदांच्या घरी हळद, बेदाणा, काकवी, गूळ असा काही पाकीटबंद माल होत असेल, त्यांनी लेबल छापायला टाकण्याआधी ते एकदा गट कार्यालयात दाखवावे. छापून झाल्यावर चूक निघाली तर हजार लेबलांचा खर्च वाया जातो.

— ऊस विकास अधिकारी